आधी ब्रेक, मग रंग

"गाडी चलती कैसी ये मत बोलो सर, रुकती कैसी वो बोलो."

शहागडला हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकून बसलेल्या उस्तादांनी आमची जीप पाहून विचारलेला हा पहिला प्रश्न. जीप ट्रॅक्टरला टोचन करून आणलेली होती. रंग नवा कोरा, मोरपंखी. बंपरवरचा क्रोमियमचा मुलामा असा की शेडचे पत्रे त्यात उलटे दिसत होते. सीटला नवं कव्हर, त्यावर अजून प्लास्टिक. आणि ब्रेक नव्हता.

ही जीप माझ्या दादांची, म्हणजे आजोबांची. एका सरकारी खात्याच्या लिलावातून त्यांनी ती घेतली. आरसी बुकात पहिल्या नोंदणीचं साल १९६८. उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी, जिला जाणकार सीजे थ्री-बी म्हणतात ती. कापूस न्यायचा, नवरदेव बसवायचा, अडलेल्या बाळंतिणीला अंबडला पोचवायचं, अशी सगळी कामं तिने केली. अब्बांच्या उतारवयात ती अंगणातल्या लिंबाखाली उभी राहिली आणि मग उभीच राहिली. काही वर्षं आमच्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालत. भंगारवाले दरवर्षी विचारून जात. जालन्याच्या भट्ट्यांना भंगार लागतं, सगळ्या मराठवाड्यातलं लोखंड तिथे वितळून सळई होतं. दादांची जीपही एखाद्या स्लॅबमध्ये गेली असती. अम्मीने जाऊ दिली नाही.

बडे अब्बांचे थोरले चिरंजीव, आमचे भाईजान, पुण्यात नोकरीला आहेत. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांना दादांच्या जीपची आठवण झाली. "हिला रिस्टोर करू, रॅलीत नेऊ," म्हणाले. शहरातल्या एका गॅरेजात जीप चार महिने होती. परत आली तेव्हा सगळा मोहल्ला बघायला जमला. अम्मीने नजर उतरवली. मीही फोटो काढले, खोटं कशाला बोलू.

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटलेली. भाईजान म्हणाले, गोदावरीच्या पुलापर्यंत एक चक्कर मारू. मी शेजारी बसलो. सर्व्हिस रोडला लागलो, समोर आमच्याच शाळेच्या आठ-दहा मुली घोळक्याने रस्ता ओलांडत होत्या. भाईजानांनी ब्रेक दाबला. विहिरीत बादलीचा दोर हातातून सुटावा तसं पेडल पायाखालून गेलं, थेट फळीपर्यंत. त्यांनी हँडब्रेक ओढला. या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्स्फर गिअरबॉक्सच्या मागे एक छोटा ड्रम असतो, तो शाफ्ट धरतो. आमच्या ड्रममध्ये गिअर ऑइल झिरपून लायनर भिजलेलं होतं. शाफ्ट धरला, सुटला, धरला, सुटला. भाईजानांनी खटकन दुसरा गिअर टाकला आणि जीप रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर चढवली. थांबली.

मुली थांबून बघत होत्या. एकीने हात हलवला. "सर, जीप भारी आहे!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि हे सगळं लिहायचं कारण ती जीप नाही, तो खर्चाचा कागद आहे. दुसऱ्या दिवशी भाईजानांकडून तो मागून घेतला. पत्र्याचं काम, पुट्टी, रंग, क्रोमियम, सीट, हूड, दिवे, मोनोग्राम. दोन पानं भरून. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'ब्रेक ऑइल टॉपअप'. स्टेअरिंगचा उल्लेख नाही. पाट्यांचा उल्लेख नाही. म्हणजे पाटे होते तसेच ठेवून त्यांच्यावर काळा रंग मारलेला होता.

काळ्या रंगाची खरी करामत उस्तादांनी दाखवली. त्यांनी पुढच्या चाकाची रबरी होज हातात धरून वाकवली. वरचा चकचकीत काळा थर तडकला आणि खाली जुन्या रबराच्या भेगा दिसल्या, उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या. चासी रंगवणाऱ्याने होजवरूनही फवारा मारला होता. रंग नसता तर कुणालाही त्या भेगा दिसल्या असत्या. मी नापास मुलाच्या पालकांना प्रगतिपुस्तक दाखवतो तसं उस्ताद माझ्याकडे बघत होते.

माझं म्हणणं हे आहे की आपल्याकडे जुन्या गाडीचा जीर्णोद्धार म्हणून जे चालतं, त्यातलं बरंचसं उलट्या क्रमाने चालतं. रंग आधी, फोटो त्यानंतर, आणि पैसे उरले तर ब्रेक. स्टेअरिंग, ब्रेक आणि पाटे ही तीन कामं फोटोत येत नाहीत म्हणून मागे राहतात. मी गाड्यांमधला तज्ज्ञ नाही. बीएड झालेला, उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस आहे. पण त्यानंतरचे पाच आठवडे मी शाळा सुटली की त्या शेडमध्ये जाऊन बसलो. जे पाहिलं ते सांगतो.

सुरुवात ब्रेकपासून. जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, नऊ इंचांचे. पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला मास्टर सिलिंडर. पेडल दाबलं की तो ऑइल ढकलतो, ते नळ्यांमधून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरात जातं, तिथला पिस्टन दोन्ही शूज बाहेर रेटतो आणि लायनर ड्रमला घासतं. मास्टर एक, ऑइलचा मार्ग एक. चारांपैकी कुठेही एका जागी गळती झाली की चारही चाकं गेली. आमचा मागचा डावा सिलिंडर गेला होता. उघडला तर आत गंजाचे खड्डे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही की तेच पाणी आतून लोखंड खातं. पाण्याने ऑइलचा उत्कलनबिंदूही खाली येतो. डॉट थ्री जातीचं कोरडं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, ओलसर झाल्यावर तो १४० वर येतो. उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली की पेडल पोकळ. म्हणून 'टॉपअप' हा शब्द मला आता फसवणुकीचाच एक प्रकार वाटतो. जुन्या पाणचट ऑइलवर नवं ओतून काय होणार?

उस्तादांनी सगळं रिकामं केलं. चारही सिलिंडर नवे, मास्टर नवा, होज नव्या, लोखंडी नळ्या नव्या वाकवून घातल्या. ड्रम लेथवर लावून आतून साफ केले. शूजना नवं लायनर रिव्हेट केलं आणि ड्रमच्या गोलाईला बसेपर्यंत घासलं. मग हवा काढायची. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आमच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पेडलवर मी. "दबाव, सर. पकडो. छोडो." तासभर मी विद्यार्थी होतो.

स्टेअरिंगचं दुखणं जुनं होतं. अब्बा गाडी चालवायचे तेव्हा स्टेअरिंग सारखं थोडं इकडे थोडं तिकडे हलवत राहायचे. मला लहानपणी वाटायचं, गाडी अशीच चालवतात. खरं म्हणजे स्टेअरिंगमध्ये प्ले होता. पाव फेरा फिरवला तरी चाकांना पत्ता नसायचा, आणि अब्बा तो प्ले हातांनी भरून काढत होते. या जीपमध्ये स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत सांधे बरेच. बॉक्समधून दांडा मधल्या बेलक्रँकला, तिथून दोन टाय रॉड दोन्ही चाकांना. प्रत्येक सांध्यात थोडी झीज, केसाएवढी. सगळ्या झिजांची बेरीज चालवणाऱ्याच्या हातात येते. बेलक्रँकची पिन तर इतकी झिजली होती की ती चंद्रकोरीसारखी दिसत होती.

पुढच्या चाकांचे किंगपिन बेअरिंग बसवणं मात्र मी जन्मभर विसरणार नाही. बेअरिंग किती घट्ट हवं, हे वर-खाली पातळ शिम घालून ठरवतात. सैल राहिलं तर एखाद्या खड्ड्यावर आपटून चाकं अशी काही थरथरतात की स्टेअरिंग हातातून सुटतं. घट्ट झालं तर वळण घेऊन स्टेअरिंग सरळ येत नाही. कंपनीच्या पुस्तकात त्यासाठी ताणकाटा लावून ओढ मोजायला सांगितली आहे. उस्तादांनी पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांनी शेजारच्या भंगारवाल्याचा हुकचा काटा मागवला, आर्मला अडकवला, हळू ओढला, आकडा पाहिला, एक शिम काढली, पुन्हा ओढला. चार वेळा. हेच पुस्तकात आहे हे मी नंतर मोबाइलवर वाचलं आणि शेडमध्ये जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मेरे उस्ताद ने काटाइच लगाया था." त्यांच्या उस्तादांना कोणी शिकवलं, ते त्यांना ठाऊक नाही.

टो-इनसाठी माझ्या खिशातला खडू कामाला आला. टायर फिरवून मध्यावर खडूची रेघ, मग दोन टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. पुढून एक-दोन मिलिमीटर कमी हवं. एवढाच फरक, पण तो नसला तर टायर महिन्यात एका बाजूने सोलून निघतो.

आता पाटे. आम्ही ज्याला कमानपाटा म्हणतो त्यातली कमान फारसी, धनुष्य या अर्थाची. भाषा शिकवणाऱ्याला शेडमध्ये असं बरंच सापडतं. पेच फारसी, उस्ताद-शागीर्द फारसी, मिस्त्री हा पोर्तुगीज मेस्त्रेपासून आलेला, चाक आपलं चक्रातून, ब्रेक इंग्रज देऊन गेले. या सगळ्यांचं एकमेकांशी भांडण नाही, तेल-पाणी वेळेवर मिळालं की झालं. असो. आमच्या पाट्यांची कमान पार उतरून ते सपाट झाले होते. पाटे बसले की पुढच्या अॅक्सलचा कोन बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही डावी-उजवी भरकटते. म्हणजे अब्बांच्या त्या हात हलवत राहण्याला स्टेअरिंगइतकेच पाटेही जबाबदार होते. पाटेवाल्याकडे नेऊन एकेक पाटा ठोकून कमान पुन्हा दिली, दोन पाटे तडकलेले निघाले ते बदलले, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरलं, शॅकल आणि बुश नवे, शॉकअप नवे. सेंटर बोल्ट जुना चालेल म्हटलं तर उस्तादांनी तो माझ्या हातात ठेवला. अर्धा कापलेला होता. तो तुटला असता तर अॅक्सल पाट्यावरून मागे सरकला असता आणि पुढचं चाक स्वतःच्या मर्जीने वळलं असतं.

आता पैशांचं बोलतो, कारण अडचण तिथेच आहे. वर सांगितलेलं सगळं सामान आणि लेथचं काम धरून चौतीस हजार झाले. उस्तादांची मजुरी, पाच आठवड्यांची, शागिर्दासह: नऊ हजार. रंगवाल्याला पंच्याऐंशी हजार मोजताना भाईजानांनी एक शब्द काढला नव्हता. उस्तादांना म्हणाले, "चाचा, सात कर लो." मी तिथे होतो. भाईजान माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, बडे अब्बांनंतर घरात त्यांचा शब्द. मी गप्प बसलो. उस्तादांनी सात घेतले. संध्याकाळी मी एकटा जाऊन दोन हजार द्यायला गेलो तर घेईनात. "तय हुआ सो हुआ." मग त्यांच्या नातवाच्या वह्या-पुस्तकांच्या नावाने दिले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बोलायचं होतं तेव्हा बोललो नाही, त्याची ही पळवाट होती.

कायदाही त्या तीन कामांकडे बघत नाही. विलायतेतल्या हौशी मंडळींच्या हिशेबात १९१९ ते १९३० मधली गाडीच व्हिंटेज. आपल्या सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम काढून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हटलं. वीस हजार शुल्क भरा, दहा वर्षांची नोंदणी मिळेल, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतील. अशी गाडी रोजच्या वापराला चालणार नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, डागडुजी, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. इथपर्यंत ठीक. पण व्हिंटेज कोणती, याच्या व्याख्येत अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. गाडीची ओळख सांगायला ही तीन नावं पुरली. ती थांबते का, वळते का, रस्त्याला धरून राहते का, हे त्या व्याख्येत नाही. रॅली म्हणजे गर्दी. गर्दीच्या दोन हातांवरून जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' नंबर देताना ब्रेकची कसोटी, ड्रम उघडून, घ्यायला काय हरकत आहे? मी तर म्हणतो, रॅलीत बक्षीस देणाऱ्यांनीही आधी गाडी लिफ्टवर चढवावी आणि खालून बघावी. निम्म्या ट्रॉफ्यांचे मालक बदलतील असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पण आमच्याच जीपवरून केलेला.

याची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. शाळेतला एक सहकारी म्हणाला, "एवढं आहे तर डिस्क ब्रेक बसव, पॉवर स्टेअरिंग बसव, बोलेरोचे अॅक्सल मिळतात." असं करणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरबदलांच्या आड येतंच, पण ते सोडा. या जीपचे ड्रम तिच्या वजनाला आणि तिच्या वेगाला धरून केलेले आहेत. नीट ठेवले तर पुरतात. पन्नासच्या वेगाला थांबतात, नव्वदला नाही, आणि तिने नव्वदला जाऊ नये. बोलेरोचा सांगाडा घालून वर जुना पत्रा ठेवायचा असेल तर बोलेरोच घ्यावी.

मात्र एका जागी मी ओरिजिनलवाल्यांच्या विरोधात गेलो. उस्ताद म्हणाले, मास्टर डबल सर्किटचा बसवू. पुढच्या चाकांचा मार्ग वेगळा, मागच्यांचा वेगळा. एक फुटला तरी दुसरा राहतो. भाईजान म्हणाले, ओरिजिनल राहणार नाही. मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना असे दुहेरी ब्रेक सक्तीचे झाले, आणि आपली जीप १९६८ चीच आहे. आणि ओरिजिनल म्हणजे तरी काय? ही जीप ज्या कंपनीने बनवली तिचं मूळ नाव महिंद्रा अँड महंमद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र या महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांना घेऊन १९४५ मध्ये ती काढली. हे गुलाम महंमद त्याआधी निजामाच्या दरबारी अर्थविषयक कामाला होते, म्हणजे आपलं शहागड ज्या राज्यात होतं त्याच राज्यात. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 'एम अँड एम' लिहिलेला कागद बदलावा लागला नाही, एवढंच. भाईजान हसले. मग म्हणाले, "बसवा. फळीखाली कोण बघतंय." कारण माझ्या मनासारखं नव्हतं, पण मास्टर बसला.

एक गोष्ट मात्र हसून सोडण्यासारखी नाही. ड्रम उघडला की आत काळपट भुकटी असते. लायनर झिजून झालेली. उस्तादांनी पहिला ड्रम उघडला आणि सवयीने तोंडाने फुंकर मारली. शागीर्द शेजारीच वाकलेला, भुकटी त्याच्या तोंडावर. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर दुखणं वीस-तीस वर्षांनी उभं राहतं, आणि त्यात कॅन्सरही आहे. आपल्या देशात अॅस्बेस्टॉस खणायला बंदी आहे, परदेशातून आणायला नाही. मी म्हणालो, चाचा, फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ते म्हणाले, "चालीस साल से फूँक रहा हूँ." त्यांना खोकला आहे. कशाचा, ते मी सांगू शकत नाही, विडीही आहे. पण दुसऱ्या दिवशी मी एक बादली, जुनी फडकी आणि मास्क नेऊन ठेवले. मास्क खिळ्याला टांगलेला आहे, तसाच. फडकं मात्र शागीर्द वापरतो. गाडीला लाखाचा रंग देणाऱ्यांनी मिस्त्रीला ओलं फडकं वापरायला सांगावं, हे त्यांचं काम नाही असं कुणी म्हणेल. मग कुणाचं आहे?

तो शागीर्द माझा विद्यार्थी. आठवीत शाळा सोडली. त्याच्या घरी मी तीनदा गेलो होतो, तिन्ही वेळा त्याच्या अम्मीने चहा दिला आणि मान हलवली. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, हे मी तेव्हा या उस्तादांनाही ऐकवलं होतं, आणि त्यांनी त्याला दोन वर्षं शेडमध्ये येऊ दिलं नाही. ती दोन वर्षं तो शाळेतही आला नाही, पुलाखाली वाळूच्या टिपरांमागे फिरला. आज तो सतरा वर्षांचा आहे. बोटाने बेअरिंग फिरवून घट्ट-सैल सांगतो. माझ्या वर्गात अपूर्णांकाला रडणारा मुलगा शिमची जाडी मिलिमीटरच्या दशांशात बोलतो. मुलांना गॅरेजातून शाळेत ओढणं हे मी वीस वर्षं माझं काम समजत आलो आणि ते चूक होतं असं आजही म्हणणार नाही. पण उस्तादांचं वय सत्तरीच्या घरात आहे, आणि त्यांच्या हातातलं जे या मुलाच्या हातात आलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आयटीआयमध्ये त्याला घेत नाहीत, दहावी नाही म्हणून. यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून घेतला आहे. मराठी आणि उर्दू मी घेतो, गणिताला सहकाऱ्याला पटवलंय. तोच, डिस्क ब्रेकवाला. अभ्यास शेडमध्येच होतो, रात्री आठनंतर, बाजेवर.

लग्न झालं. नवरी जीपमधून आली, भाईजान चालवत होते, आणि सगळ्यांनी रंगाचं कौतुक केलं. पुलाकडच्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा मी मागच्या गाडीतून लाल दिवे बघत होतो. जीप शांतपणे, सरळ रेषेत थांबली. उस्तादांना निमंत्रण होतं, ते जेवून लवकर गेले. कुणीतरी विचारलं, "गाडी कुणी बनवली?" भाईजानांनी शहरातल्या गॅरेजचं नाव सांगितलं. या वेळी मी मध्ये बोललो. भाईजानांना आवडलं नाही, दोन दिवस फोन नव्हता.

आता त्यांना फेब्रुवारीत पुण्याला जीप न्यायची आहे. मी जीपच्या कप्प्यात एक शंभर पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर ब्रेक ऑइल भरल्याची तारीख, त्याखाली दोन वर्षांनंतरची तारीख. दुसऱ्या पानावर यू-बोल्ट. नव्याने बसवलेले पाटे दबतात, म्हणून पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, असं उस्तादांनी बजावलं आहे. चारशे ऐंशी झालेत. रविवारी जीप शेडवर न्यायची आहे, आणि भाईजानांना सांगितलं आहे की या वेळी मजुरी मी ठरवणार.